पाय, लाट आणि पायलट

आमच्या आईने उभ्या आयुष्यात एकच अफवा पसरवली, पण ती अशी काही पसरवली की तिचा खुलासा मी चाळीस वर्षं करतो आहे. मी पायलट आहे, ही ती अफवा.

1984 सालची गोष्ट. रसायनशास्त्राची पदवी पदरात पाडून मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याला चिकटलो. नेमणुकीच्या पत्रात 'पायलट प्लांट, कनिष्ठ पर्यवेक्षक' असं लिहिलं होतं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी ते पत्र दारात उभं राहून, धडा वाचावा तसं मोठ्यांदा वाचलं. आईने त्यातला पहिला शब्द तेवढा उचलला आणि हंडा-कळशीबरोबर विहिरीवर नेला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या सरावलीला कळला होता, आणि दुसऱ्या दिवशी बोईसरच्या वाण्याने मला उधारी देताना 'कॅप्टन' म्हटलं.

वाडीतल्या एका आबांना मात्र शंका आली. ते रोज सकाळी ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांची हजेरी घेत. मी डबा घेऊन कारखान्याकडे निघालो की ते विचारत, "काय रे, पायलट ना तू? मग चालत कसा जातोस?" उत्तरही तेच देत. "बरोबर आहे. पायी जाणारा लाट, म्हणून पाय-लाट!" लॉर्डाचा लाटसाहेब आपल्याच पूर्वजांनी केला होता, तेव्हा आबांचं व्याकरण परंपरेला धरून होतं. ओट्यावरची मंडळी हसत. मीही हसत असे, पण मनातून ओशाळत असे. कारण आईला खरं काय ते सांगायची माझी छाती होत नव्हती.

खरं काय ते पहिल्यांदा बाहेर आलं लग्नाच्या बाजारात. 1986 मध्ये वसईचं एक स्थळ सांगून आलं. मुलीच्या मामांनी पोह्यांचा पहिला घास घ्यायच्या आत विचारलं, "कुठे? एअर इंडिया की इंडियन एअरलाइन्स?"

मी म्हटलं, "तारापूर."

"तारापूरला विमानतळ आहे?"

"नाही."

मामा विचारात पडले. तारापूर म्हटलं की जगाला एकच गोष्ट आठवते, 1969 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. मामांनी पोह्यांची बशी सावकाश खाली ठेवली आणि माझ्यापासून थोडं सरकून बसत विचारलं, "म्हणजे अणुभट्टी?"

"नाही हो. केमिकल. पायलट प्लांट."

"म्हणजे तुम्ही उडत नाही?"

"अजून तरी उडालो नाही," मी म्हटलं. "कुणी उडू नये म्हणूनच तर आमचा प्लांट आहे."

दाराआड कुणीतरी फिसकन् हसलं. तीच माझी बायको. मामांना मात्र हा विनोद वाटला, आणि त्यात माझं दुर्दैव असं की तो विनोद नव्हता.

कसा ते सांगतो. प्रयोगशाळेत एक लिटरच्या काचेच्या चंबूत एखादं औषध किंवा रंग झकास तयार होतो. मालक खूष होतात आणि म्हणतात, उद्यापासून पाच हजार लिटरच्या भांड्यात करा. आता चंबूत रसायनं एकमेकांना भेटली की गरम होतात, पण ती उष्णता चंबूच्या अंगातून बाहेर निघून जाते. भांडं पाच हजारपट मोठं केलं की त्याचं पोट पाच हजारपट होतं, पण कातडी वाढते सुमारे 290 पटच. गणिताची पंतोजीगिरी नको असेल तर चहा बघा. कपातला चहा दोन गप्पांत निवतो, आणि लग्नातल्या पिंपातला चहा वऱ्हाड परत निघालं तरी तोंड भाजतो. चहाच्या बाबतीत तोंड भाजण्यावर निभावतं. रसायनांच्या बाबतीत उष्णता कोंडली की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता येते, आणि मग सकाळच्या वर्तमानपत्रात तारापूरचं नाव येतं. आमच्याकडे मध्यरात्री खिडकीची तावदानं थरथरली की लोक भूकंप म्हणत नाहीत. नुसतं विचारतात, "कुठल्या बाजूला?"

म्हणून चंबू आणि मोठं भांडं यांच्या मध्ये एक लहान कारखाना असतो, शंभर-एक लिटरचा. जे काही वाईट व्हायचं ते आधी तिथे व्हावं, थोडक्यात व्हावं, आणि कुणीतरी ते वहीत लिहून ठेवावं. तो पायलट प्लांट. आणि वही धरणारा मी.

पण याला पायलट का म्हणायचं? विमानाचा आणि शंभर लिटरच्या भांड्याचा संबंध काय? आबांना उत्तर द्यायचं म्हणून मी हा शब्द शोधू लागलो, आणि जिकडे बघावं तिकडे मला पायलट दिसू लागले. पायलीला पन्नास!

मंत्र्याच्या ताफ्यात पुढे बोंबलत जाते ती पायलट गाडी. व्हाइसरॉयच्या खास गाडीपुढे एक रिकामं इंजिन धावायचं, ते पायलट इंजिन. रुळांखाली कुणी काही ठेवलं असेल तर ते आधी त्या इंजिनाने अंगावर घ्यायचं. गॅसच्या जुन्या गिझरमध्ये एक इवलीशी ज्योत कायम तेवत असते आणि नळ सोडला की मोठ्या शेगडीला पेटवते, तीही पायलट. माझ्या एका वरिष्ठांच्या खिशाला लागलेलं जपानी पेन पायलट. ती कंपनी 1918 सालची. गोव्यात तर पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन नाक्यावर उभा असतो तो पायलट. म्हापशाला मी एकदा त्याच्या मागे बसलो. पट्टे आवळा, खुर्च्या सरळ करा, असलं काही नाही. त्याने एकच सूचना केली, "घट्ट धरा." बायकोला पत्रात लिहिलं, आज पायलटबरोबर प्रवास केला.

आमच्या बोईसर स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हरही या शतकात लोको पायलट झाले. आणि हवाई दलातले राजेश्वर प्रसाद बिधुरी 1980 साली भरतपूरहून लोकसभेला निवडून आले ते 'राजेश पायलट' होऊन. धंद्याचं आडनाव झालं आणि ते पुढच्या पिढीतही चाललं. आपल्याकडे समुद्रकाठी तांडेल हे आडनाव असतं, त्यातलाच हा प्रकार.

समुद्रात पायलट नावाचा एक मासाही आहे. अंगावर पट्टे असलेला हा लहानसा मासा शार्कच्या तोंडापुढे पोहत असतो. जुन्या खलाशांना वाटायचं की तो शार्कला वाट दाखवतो. प्रत्यक्षात शार्कला आपली वाट ठाऊक असते. हा उष्ट्याखरकट्यावर जगतो आणि मोठ्याच्या पुढे मिरवल्यामुळे त्याला कुणी खात नाही. राजकारणातही ही जात बरीच आढळते, पण आपण शब्दाचाच माग काढू.

एवढी भावकी गोळा झाल्यावर मूळपुरुष शोधणं आलंच. विमानाच्या पायलटाला मी थोरला भाऊ समजत होतो, तर तो निघाला शेंडेफळ. जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला 10 फेब्रुवारी 1929 रोजी. मुळात विमानंच राइट बंधूंनंतरची, म्हणजे 1903 नंतरची. आणि इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे. तेव्हा पायलट म्हणजे एकच, जहाज हाकणारा. पुढे समुद्रातून बंदरात जहाज सुखरूप आणणारा वाटाड्या, हा त्याचा खास अर्थ झाला, आणि तो आजही आहे. जहाज बंदराजवळ आलं की पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचं निशाण चढवतं, म्हणजे 'पायलट पाठवा'. लहान बोटीतून पायलट येतो, दोरांच्या शिडीने हलत्या जहाजावर चढतो, आणि अर्धं पांढरं, अर्धं तांबडं निशाण वर जातं, 'पायलट आला.' तो खडक, वाळूचे दांडे, भरती-ओहोटी सगळं जाणतो. तो सांगतो, कप्तान ऐकतो. मात्र जहाजाची जबाबदारी कप्तानाकडून सुटत नाही. जहाज धक्क्याला लागलं की पायलट उतरून दुसऱ्या जहाजाकडे जातो. सत्काराला थांबत नाही.

इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी इटालियनांकडून. इटालियनांकडे तो आधी 'पेदोता' होता, मग 'पिलोता' झाला. द चा ल झाला म्हणून हसू नये. आपण षोडशाचे सोळा करताना ड चा ळ केलाच आहे. आणि हा पेदोता आला ग्रीकांच्या 'पेदोन' या शब्दावरून. पेदोन म्हणजे वल्ह्याचं पातं, जहाज वळवायचं वल्हं. शब्दकोशातली पुढची ओळ वाचली आणि मी खुर्चीतून उठलो. पेदोन हा शब्द ज्या धातूपासून निघाला त्याचा अर्थ पाय! लॅटिनचा पेस, इंग्रजीचा फूट, सायकलचं पेडल, संस्कृतातला पाद आणि त्या पादापासून झालेला मराठी पाय, ही सगळी एका घरची माणसं. जहाजाचं वल्हं म्हणजे त्याचा पाय, आणि तो पाय हलवणारा तो पायलट.

म्हणजे आबा निम्मे बरोबर होते! पाय खरा होता. लाट तेवढी त्यांनी घुसडली होती, पण तीही साहेबाची न घेता समुद्राची घेतली असती तर अर्थाला अगदी फिट्ट बसली असती. मी धावत ओट्यावर गेलो. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ग्रीकांना कुणी सांगितलं हे?"

ग्रीकांना कुणी सांगितलं ते माहीत नाही, पण ग्रीकांनी आपल्याबद्दल काय सांगितलं ते मात्र लिहिलेलं आहे. पहिल्या शतकातल्या एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची वही लिहिली, 'पेरिप्लस'. त्यात तो भडोचबद्दल सांगतो की खाडीचं तोंड अवघड आहे, भरती-ओहोटी भयंकर आहे, म्हणून राजाच्या चाकरीतले तिथले कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे येतात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत नेतात. म्हणजे इंग्रजीत हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी त्याचं काम आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी पगार घेऊन करत होते.

त्याच वहीत सोपाऱ्याचंही नाव आहे. सोपारा म्हणजे आपला नालासोपारा. भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या लेखाचा तुकडा 1882 साली जिथे मिळाला ते गाव. लोकलच्या गर्दीत चेंगरताना याची आठवण कुणाला राहत नाही. आज ते आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे, आणि आर्यशूराच्या 'जातकमाला' या संस्कृत ग्रंथाचं ऐकायचं तर त्या गावाला नाव मिळालं एका पायलटामुळे. सुपारग, म्हणजे सुखरूप पार नेणारा. म्हातारा, नजर गेलेला. पाली कथेत तर ठार आंधळा. भडोचचे व्यापारी त्याच्याकडे आले, चला म्हणाले. तो म्हणाला, आता माझ्याच्याने होत नाही. ते म्हणाले, तुम्ही नुसते बसा. पुढे वादळ झालं, जहाज भलत्याच समुद्रात गेलं, आणि ज्याला नुसतं बसायला आणलं होतं त्या आंधळ्यानेच पाण्याच्या खुणा विचारून समुद्र ओळखले आणि सगळ्यांना परत आणलं. मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा हे आवडतं की डोळे गेले तरी माणसाची माहिती गेली नव्हती.

आपल्याकडे या माणसाला नावांची कधीच कमतरता नव्हती. संस्कृतात तो कर्णधार. कर्ण म्हणजे कान, आणि कर्ण म्हणजे सुकाणूही. क्रिकेटच्या संघाला कर्णधार मिळाला तो या सुकाणूवरून. कान धरण्याचं काम हरल्यावर आपण प्रेक्षक करतो. सुकाणू आलं अरबी 'सुक्कान'वरून. नाखवा आला फारसी नाखुदावरून, नावेचा धनी. अरबीत मुअल्लिम म्हणजे शिकवणारा. कच्छ-गुजरातच्या खलाशांनी त्याचा 'मालम', म्हणजे जहाजाचा वाटाड्या, केला. शिकवणारा आणि वाट दाखवणारा एकच, हे वडिलांना मी मुद्दाम सांगितलं. मास्तर दोन दिवस प्रसन्न होते.

1498 साली आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून असाच एक वाटाड्या वास्को द गामाला मिळाला, आणि त्याने गामाला कालिकतला आणून सोडलं. गामाच्या नावाने गोव्यात शहर आहे. त्या वाटाड्याच्या नावाबद्दल पंडितांचं अजून एकमत नाही. कुणी अरब म्हणतात, कुणी गुजराती.

हे वाचलं तेव्हा मला माझी 1991 ची एक रात्र आठवली. दिवाळीला आठवडा होता. आमच्या शंभर लिटरच्या भांड्यात एक नवीन माल चालू होता. वरच्या टाकीतून एक रसायन बारीक धारेने पडत होतं, आत पंखा ढवळत होता. मध्यरात्री वीज गेली. पंखा थांबला, पण धार थांबली नाही. तिला पडायला विजेची गरज नव्हती. अंधारात बॅटरी शोधण्यात वीस मिनिटं गेली. भांडं शांत, तापमान स्थिर. मी म्हटलं, बरं झालं. मग वीज आली, पंखा फिरला, आणि इतका वेळ न मिसळता साठून राहिलेलं सगळं एकदम मिसळलं. काटा चाळिसावरून एकशे दहापर्यंत धावला. झाकणावरची सुरक्षा झडप फाटली, गरम फेस छताला भिडला, आणि माझी डावी भुवई तेवढी गेली. इतर कुणाला काही झालं नाही.

पहाटे मी वहीत लिहिलं: पंखा थांबला तर धार आपोआप बंद झाली पाहिजे, अशी सोय केल्याशिवाय हा माल मोठ्या भांड्यात करू नये. सही केली. सोय झाली. पुढे मोठ्या भांड्यावर तो माल वर्षानुवर्षं निघाला. मधे किती वेळा वीज गेली याची गणती नाही. आमच्याकडे ती जातच असे. प्रत्येक वेळी धार बंद झाली आणि काहीही घडलं नाही. काहीही न घडल्याची बातमी होत नाही, आणि त्या पाच हजार लिटरच्या भांड्याशेजारी पाळी करून जे घरी गेले त्यांनाही हे कधी कळलं नाही.

त्या सकाळी मी घरी आलो तर आई चुलीपुढे चकल्या तळत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "भुवई कुठे गेली?"

सात वर्षं साठवलेलं सगळं मी तिला त्या दिवशी सांगितलं. मी विमान चालवत नाही. मी लहान भांड्यात आधी करून बघतो, म्हणजे मोठ्यात घात होत नाही. ती ऐकत होती आणि झाऱ्याने चकल्या उलटत होती. मग म्हणाली, "मग त्यात सांगण्यासारखं काय आहे? पहिला घाणा."

"म्हणजे?"

"पहिल्या घाण्याला एकच चकली सोडायची. तेलात विरली तर मोहन जास्त झालंय, कडक झाली तर कमी. ते बघून मग बाकीचं पीठ. सगळं पीठ एकदम घालणारी बाई बघितलीस कुठे?"

मी म्हटलं, "आई, म्हणजे तू गावभर सांगत होतीस ते..."

"मास्तरांनी अर्थ सांगितला होता मला त्याच दिवशी. पायलट प्लांट म्हणून. पण विहिरीवर एवढं लांबलचक कोण सांगत बसणार?" आणि झारा ताटावर आपटून म्हणाली, "त्या पाटलिणीचा मुलगा बँकेत लागला होता त्या आठवड्यात."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. सरावली वाढली, ठाणे जिल्ह्याचा 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा निघाला, विहिरीवर कुणी जात नाही. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवणच्या बंदराची पायाभरणी झाली. उद्या तिथे डोंगराएवढी जहाजं येतील म्हणतात, आणि त्यांना आत आणायला पायलट लागतील. त्या बंदराला विरोध करणाऱ्यांत इथले मच्छीमार पुढे आहेत. हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या पायाखालचं असलेली हीच माणसं. पेरिप्लसवाल्याने त्यांना आधी विचारलं असतं, एवढंच मला वाटतं.

परवा नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच पायलट होतात?" मी म्हटलं, "हो." खुलासा केला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. बायकोने पहिल्या घाण्याची चकली बशीत ठेवली होती, अर्धी विरलेली, तेलकट. आई ती कुणाला द्यायची नाही, उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकायची. मी ती खाल्ली आणि सांगितलं, "मोहन जास्त झालंय."